उस्तादांना ‘तू’ कोण म्हणणार

१२ मार्च

मावशे,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तुला मान्य नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. नमस्कार पत्रातूनच घे. खोली एवढी लहान आहे की खरोखर वाकले तर कपाटावर टाळकं आपटेल.

तर एकदाची कामाला लागले. पुढे दुकान, मागे कारखाना. ज्यांचे पाय सुजलेत, वाकडे झालेत, ऑपरेशनात लहानमोठे झालेत, अशांचे बूट इथं हातानं बनतात. पुढे काउंटरवर एक बाई असतात. त्यांना मी काउंटरबाईच म्हणणार, कारण त्यांचं खरं आडनाव लिहायला घेतलं तर ओळ पुरायची नाही. मागे आमचे उस्ताद. दुकानाचे मालकही तेच. वय चौसष्ट, आणि बोलायला पैसे पडतात अशा समजुतीनं जगतात. मी घासलेला पायाच्या आकाराचा लाकडी साचा हातात घेतात, अंगठ्यानं चाचपतात आणि “अजून” म्हणतात. म्हणजे अजून घास. दिवसभरात आमचं बोलणं होतं ते एवढंच.

हात माझा चांगला आहे, ते त्यांना दिसतंय. तोंडाचं मात्र काही खरं नाही.

पहिल्या दिवसांत दुपारी जो भेटेल तो मला ‘मालत्साइट’ म्हणायचा. शब्दाचा अर्थ जेवणवेळ. मला वाटलं, किती मायाळू माणसं, जेवलीस का म्हणून विचारतायत. मी प्रत्येकाला थांबवून सांगायचे, की हो, जेवले, पाव होता, कालची भाजी होती, ती जरा आंबली होती. पोस्टमननं तर पिशवी खांद्यावर तशीच ठेवून सगळं ऐकून घेतलं. मागाहून कळलं, तो नुसता दुपारचा नमस्कार आहे. एवढं जर्मन शिकवलंस, मग हे का नाही शिकवलंस?

पण खरा घोळ पुढेच आहे. एक म्हातारे गृहस्थ आहेत, डाव्या पायाचा अंगठा पार शेजारच्या बोटावर चढलेला. ते परवा माप बघायला आले. खरा बूट शिवायच्या आधी आम्ही पारदर्शक प्लास्टिकचा बूट घालून बघतो, म्हणजे पाय कुठे दबतो ते बाहेरून दिसतं. मी खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला, बूट चढवला आणि आपण कुणालाही म्हणू तसं प्रेमानं म्हणाले, “चला आजोबा, उभे राहा बघू जरा.”

“मी तुमचा आजोबा नाही,” ते म्हणाले. “मी गिऱ्हाईक आहे.” आणि तसेच उठून, एका पायात प्लास्टिकचा बूट, दुसऱ्यात स्वतःचा, टॉक टॉक करत रस्त्यानं चालते झाले. त्यांचा डावा बूट माझ्या मांडीवर राहिला.

काउंटरबाईंनी कपाळाला हात लावला. उस्तादांनी नुसतं मान वर करून पाहिलं आणि परत टाके घालायला लागले, आणि तेच मला छळतंय. नोकरी मे अखेरपर्यंत कच्ची आहे. ३१ मेला उस्ताद सांगणार, ठेवायचं की नाही. नाही म्हणाले तर इथला मुक्काम संपला. बाबा तिकडे टपलेलेच आहेत. निघताना काय म्हणाले, आठवतं ना? “जोडे शिवायला परदेशी निघालीय, तीन महिन्यांत परत येते की नाही बघा.” मित्राच्या विमा कचेरीत त्यांनी माझ्यासाठी खुर्चीसुद्धा धरून ठेवलीय. मला त्या खुर्चीत बसायचं नाही, मावशी. मला हेच काम करायचंय. काय करू ते लगेच लिही.

तुझी,
बारकी


२२ मार्च

बारके,

मला सगळं ऐकू येतं. लोकच हल्ली पुटपुटतात.

आजोबा म्हणालीस? अगं, तिथं परक्या माणसाला नातं चिकटवत नाहीत. आडनावाच्या आधी ‘हेर’ लावायचं, म्हणजे श्रीयुत, आणि जिथल्या तिथे राहायचं. काका, मामा, आजी, आजोबा हे आपले लाड. आपल्याकडे दूधवाल्यालाही काका करतात आणि त्याच तोंडानं पाणी घातलंस म्हणून भांडतात. तिथं तू भर दुकानात त्या माणसाला ‘ए थेरड्या’ म्हणालीस, असं समज. नुसता निघून गेला, म्हणजे सभ्यच म्हणायचा.

आता रडत बसू नकोस. त्याचा बूट पुसून, नीट बांधून घरी पाठव आणि सोबत माफीचं पत्र दे. मजकूर मागच्या पानावर जर्मनमध्ये लिहून दिलाय. जसाच्या तसा उतरव, शहाणपणा करू नकोस. शेवटी ‘होखआख्टुंग्सफोल’ असं लिहून खाली सही कर. म्हणजे संपूर्ण आदरानिशी. याच्यापुढे आदर नाही, याच्यापुढे थेट देवच. मला हा शब्द शिकवला तेव्हा आमच्या बाईंनी सगळ्या वर्गाला उभं केलं होतं.

काउंटरबाईंना नुसतं बाई म्हणू नकोस. ‘ग्नेडिगे फ्राउ’ म्हण. कृपावंत बाईसाहेब. विरघळेल.

आणि एक गोष्ट गाठीला बांधून ठेव. त्यांच्यातही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे. आपण होऊन कुणाला तू म्हणायचं नाही. उस्तादाला तर स्वप्नातसुद्धा नाही. या नियमातलं आणखी थोडं शिल्लक आहे, ते पुढच्या पत्रात लिहीन, कारण क्लासची पोरं येऊन बसलीत. सध्या तिघंच आहेत आणि त्यातला एक झोपतो.

तुझ्या बापाला काही सांगितलेलं नाही. काल विचारत होता, बारकीचा सूर कसा वाटतो. म्हटलं, वरचा.

मावशी


३ एप्रिल

मावशे,

तुझं जर्मन कुठल्या सालचं आहे गं?

तू दिलेलं पत्र उतरवलं. काउंटरबाईंना न दाखवता गुपचूप पार्सलात घातलं, कारण मला त्यांना थक्क करायचं होतं. झाल्या थक्क. सोमवारी वाकडा अंगठा दुकानात हजर, आणि सोबत त्यांची मुलगी. मुलगी वकील आहे. तिनं माझं पत्र काउंटरवर पसरलं, शेजारी आमचा प्लास्टिकचा बूट ठेवला आणि म्हणाली, वडलांनी बूट चुकून नेला, तो हा परत आणलाय, तर कोर्टात जायचा विचार दुकान सोडून देईल का?

मी ततपप करत उभी. काउंटरबाईंनी पत्र वाचायला घेतलं. पहिल्या दोन ओळींना भुवया वर गेल्या, मधे ओठ चावला, आणि शेवटाला आल्यावर त्यांना हसू आवरेना. चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. मग मला मागे नेऊन समजावलं. होखआख्टुंग्सफोल आता कुणी साध्या माणसाला लिहीत नाही. फार पूर्वी लिहायचे. आता बोलणं तुटलं, तोंड बघायची इच्छा नाही, यापुढे काय ते वकील बोलतील, अशा वेळी पत्राखाली हा शब्द ठोकतात. माफी मागून मागून शेवटी मी त्या माणसाला कोर्टाची धमकी दिली होती. बिचाऱ्यानं पत्र वाचल्यावर बुटावरचा कागद उघडूनसुद्धा बघितला नव्हता.

कृपावंत बाईसाहेबांचंही ऐक. मी तसं म्हणाले तेव्हा काउंटरबाईंनी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

उस्ताद हसले नाहीत. “पत्रं काउंटरवरून जातात,” म्हणाले आणि रापी उचलून चामडं कापायला लागले. हे त्यांचं माझ्याशी झालेलं आजवरचं सगळ्यात मोठं वाक्य. माझी नोकरी टांगणीला लागलीय, मावशी, आणि तू मला माळ्यावरचं जर्मन झटकून पाठवून देतेस. तुझ्या क्लासच्या पोरांना वेळीच सावध कर. जो झोपतो त्याचंच बरं चाललंय.

बारकी


१४ एप्रिल

आदरणीय भाचीबाई यांस,

आपले ३ तारखेचे पत्र पावले. आपण माझ्या जर्मनचे साल विचारले आहे. कामाच्या एवढ्या गर्दीतून वेळ काढून आपण माझे अज्ञान माझ्या नजरेस आणून दिलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे.

आपण लहान असताना आपल्याला ‘र’ म्हणता येत नसे. तो म्हणवून घेण्यासाठी एका बाईने आपल्याला सबंध उन्हाळाभर मांडीवर बसवून ठेवले होते. त्या बाईचे सालही जुनेच होते. क्षमा असावी.

यापुढे आपण आपल्या अडचणी एखाद्या ताज्या व्यक्तीकडे न्याव्यात. सावध करण्याविषयीची आपली सूचना विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यात आली. दोघांनी ती लिहून घेतली. तिसऱ्याला उठवणे शक्य झाले नाही.

विमा कचेरीतील खुर्चीविषयी आपण निश्चिंत असावे. ती अद्याप रिकामी आहे.

याहून अधिक लिहिण्याची माझी योग्यता नाही.

आपली,
एक जुनी बाई

ता. क. थंडी असल्यास पायमोजे दोन घालावेत. आपले पाय फार लवकर गार पडतात.


२६ एप्रिल

मावशे, मावशे, मावशे,

पाया पडते, पण हे ‘आपण’ बंद कर. ती वकील आली तेव्हा घाबरले नव्हते इतकी तुझं पत्र वाचून घाबरले. जिन्यातच उघडलं आणि तिथंच पायरीवर बसले. लहानपणी आई ‘अहो बाईसाहेब’ म्हणाली की मी पलंगाखाली जाऊन लपायचे, ते आठवलं. आणि मग लख्ख कळलं, माझं पत्र वाचून त्या माणसाला काय झालं असेल. आपणही तेच करतो की. राग पोटात मावेनासा झाला की आदर बाहेर काढतो. मी फार आगाऊपणा केला. तुझ्यामुळेच मला चार शब्द येतात. झालं ते सोड आणि मला पहिल्यासारखी शिव्या दे.

वाकडा अंगठा परत आले, तेव्हा मी पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवलं. आडनाव घेऊन हाक मारली आणि साधंच म्हणाले, माझं चुकलं, मला फार वाईट वाटतंय. ते बसले. पाय पुढे केला. अंगठ्यासाठी मी चामडं वरून उचलून घेतलं होतं, कुठेही दबलं नाही. दुकानात तीन चकरा मारल्या आणि जाताना म्हणाले, आजोबा म्हणणारं कुणी नाही त्यांना, म्हणून जरा लागलं होतं. मला भरून आलं. पण इथल्या रीतीत रडणं कुठे बसतं ते ठाऊक नाही, म्हणून मागे जाऊन साचा घासत बसले.

आता खरी बातमी, आणि यात तुझ्याच शिकवणीची फत्ते आहे. तो बूट उस्तादांनी बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला होता. “अजून” म्हणाले नाहीत. संध्याकाळी दुकान बंद करताना ते माझ्या टेबलाशी आले, एप्रनला हात पुसला, पुढे केला, स्वतःचं नुसतं नाव सांगितलं, आडनाव नाही, आणि म्हणाले, “आता आपण एकमेकांना तू म्हणू या.”

मावशी, मी तुझा नियम विसरले नाही. दोन्ही कानांना हात लावले, मान हलवली आणि म्हणाले, छे छे, भलतंच, तुम्ही माझे गुरू, माझी काय लायकी, मी तुम्हाला जन्मात तू म्हणणार नाही. बघ, किती मान राखला. त्यांचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग “जशी आपली इच्छा” म्हणून त्यांनी तो खिशात घातला. भारावले असावेत.

तेव्हापासून तर फारच आदरानं वागतात. रापी हवी असली तरी ‘कृपया’ म्हणतात, दिली की आभार मानतात. साच्यावरून अंगठा फिरवत नाहीत, नुसता बघून परत ठेवतात. मला वाटतं, नोकरी पक्की झाल्यात जमा आहे. काउंटरबाई मात्र का कोण जाणे, माझ्याशी बोलेनाशा झाल्यात. त्यांना हेवा वाटत असेल का गं?

तुझी तीच आगाऊ,
बारकी


७ मे

अगं भवाने,

तुझं पत्र वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. रागवायचं ठेवलंय बाजूला, ते पुढे सवडीनं करीन.

भारावले असावेत? अगं त्या माणसाचा तू अपमान केलास. नियमाचा उरलेला अर्धा भाग असा आहे. ‘तू म्हणू या’ असं वयानं किंवा मानानं मोठ्या असलेल्यानंच म्हणायचं असतं. हातात हात घेऊन, नाव सांगून म्हणतात, आणि ते एकदाच. लहानानं तो हात धरायचा, दुसरं काही करायचं नाही. नाही म्हटलंस म्हणजे दार तोंडावर आपटलंस. वर आता तू मागू शकत नाहीस, कारण तू लहान. ते पुन्हा म्हणणार नाहीत, कारण त्यांना एकदा नकार मिळाला. हे मी तुला एप्रिलमध्येच लिहिणार होते, पण तू माझ्या जर्मनचं साल काढलंस. भोग.

त्याचा तो ‘कृपया’ आदराचा नाही. तुला पाठवलेल्या माझ्या पत्रात जसा आदर होता, तसला आहे.

आणि काय गं, तुझी जीभ का वळली नाही? मला जन्मल्यापासून तू म्हणतेस. आईला तू म्हणतेस. काही हवं असलं की देवालाही तूच म्हणतेस. बापाला तेवढं तुम्ही म्हणतेस, आणि तो खोलीत आला की तू दुसऱ्या खोलीत जातेस. मग सांग मला, मान कुणाचा जास्त ठेवतेस?

त्या माणसाच्या अंगठ्यानं तुला साचा घासायला शिकवलं. तो जवळ आला होता, बारके. तू हात जोडून त्याला लांब उभं केलंस.

आता यातून एकच वाट मला दिसते. तो चौसष्टचा, मी एक्काहत्तरची. मी त्याच्याहून मोठी आहे, तेव्हा नियमाप्रमाणे मी त्याला म्हणू शकते. म्हणून आजच्याच टपालानं त्याला वेगळं पत्र टाकतेय. माझ्या माळ्यावरच्या जर्मनमध्येच, हसला तर हसू दे. लिहिलंय की आमच्या घरात ज्याच्यावर जीव असतो त्याला तू म्हणतात, पण गुरूला म्हणत नाहीत, आणि पोरगी या दोन्हींच्या मधे सापडून मूर्खासारखी वागली. लिहिलंय की वयानं मोठी म्हणून मी तुम्हाला तू म्हणायला सुरुवात करते, तुम्हीही मला म्हणा. आणि शेवटी सरळ विचारलंय, तू माझ्या भाचीला ठेवतोयस का?

माझं नाव खाली लिहिलंय. आडनाव नाही. परक्या पुरुषाला असं पत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. तुझ्या बापाला कळलं तर तो वेगळाच अर्थ काढील, तेव्हा गप्प बस.

मावशी


९ मे

मावशी,

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण मला आता सगळं कळलंय. फार वाईट झालंय.

काल काउंटरबाईंना मी विचारलंच, माझं काय चुकलं. त्यांनी गिऱ्हाइकांची खुर्ची ओढली, बसल्या आणि म्हणाल्या, “तुमचा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून मी या काउंटरवर आहे. उस्तादांच्या आईच्या दफनाला मी त्यांच्या शेजारी उभी होते. मला त्यांनी आजवर कधी ‘तू’ म्हणू या म्हटलं नाही. तुम्हाला म्हटलं, आणि तुम्ही नको म्हणालात.” आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी धावतच मागे गेले. उस्तादांना म्हणाले, मला समजलं नव्हतं, आता म्हणते, तू म्हणते. त्यांनी मशीन बंद केलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कृपया आपण स्वतःवर जबरदस्ती करू नये.” आणि मशीन परत सुरू केलं.

आज सकाळी काचेत पाटी लागलीय. कारागीर पाहिजे. आता रोज तिच्याशेजारून आत जायचं आणि तिच्याशेजारून बाहेर यायचं. मी काही बोलायला लागले की आणखीच चुकतं. साचा हातात घेऊन त्यालाच तू, तू म्हणून बघते. साच्याला जमतं. उस्तादांना म्हणायचं तर ‘तुम्ही’च बाहेर पडतं.

बाबांना सांग, की खुर्ची पुसून ठेवा. नको, इतक्यात सांगू नकोस.

बारकी


१ जून

मावशे,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. माझं मी जिन्यात वाचलं, उस्तादांचं काउंटरबाईंनी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी करून एप्रनच्या खिशात घातलं आणि माझ्या टेबलाशी येऊन साचा उचलला. “अजून” म्हणाले. ‘कृपया’ नाही, ‘आपण’ नाही, नुसतं अजून. मी तो साचा असा घासला की विचारू नकोस.

पण पुढे काहीच होईना. पाटी काचेत तशीच. दर संध्याकाळी ते कोरा कागद काढून बसायचे, तुझं पत्र शेजारी उघडून ठेवायचे, दोन ओळी लिहायचे आणि कागद चुरगाळायचे. एकदा तर तुझ्या पत्रातला एक शब्द त्यांना लागेना, म्हणून काउंटरबाईंना हाक मारली. त्यांनाही लागेना. दोघं डोक्याला डोकं लावून तुझं जर्मन वाचत होते. काउंटरबाईंनी पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग ‘वयानं मोठी म्हणून’ ही मधली ओळ परत वाचली आणि पुढे निघून गेल्या.

काल ३१ तारीख. मी सकाळीच खोलीतली बॅग पलंगावर काढून आले होते. रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि दुपारपर्यंत निभावलंही. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी मी हत्यारं पुसून, ओळीनं लावून ठेवली. आपण गेल्यावर कुणी नावं ठेवायला नकोत. काउंटरबाई तिथंच कपाटात बूट लावत होत्या. उस्ताद तो कागद आणि पेन घेऊन आले आणि माझ्या टेबलाशी स्टुलावर बसले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“तुझ्या मावशीला उत्तर लिहितोय,” ते म्हणाले. “ती मोठी आहे, तिला नाही म्हणता येत नाही. ती विचारते, मी तुला ठेवतोय का. काय लिहू?”

तुझ्या. तुला. ‘तू’ म्हणाले, मावशी. परत हात पुढे केला नव्हता त्यांनी, आणि करणारही नव्हते. नुसतं पेन धरून बसले होते. त्या क्षणी मला बाबा आठवले नाहीत, ती खुर्ची आठवली नाही, तू आठवलीस. तुझ्याशी बोलते तसं बोलायचं, एवढंच करायचं होतं.

“लिही तिला,” मी म्हणाले, “की मी राहतेय.”

त्यांनी लिहिलं. हळूहळू, अक्षर अक्षर लावून. मग पेनाला टोपण घातलं आणि माझ्याकडे वर बघितलं, आणि मावशे, हा माणूस हसतो. दात आहेत त्याला. मी रडले. रीतीत बसो न बसो, चांगली हमसून रडले, आणि त्यांनी मला नाक पुसायला चामड्याचा तुकडा दिला. (पत्रात मी त्यांना ‘ते’च लिहिणार. मराठीत अजून जीभ वळत नाही.)

तेवढ्यात काउंटरबाई पुढे गेल्या आणि काचेतली पाटी काढून आणली. ती छातीशी धरून त्या उस्तादांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, पाटी कुठे ठेवायची ते विचारणार. कानापर्यंत लाल झाल्या होत्या.

“मी समजत होते, तुम्ही मालक आहात, तुम्हीच म्हणायला हवं,” त्या म्हणाल्या. “म्हणून थांबले इतकी वर्षं.”

उस्ताद उठून उभे राहिले. त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही. “बाईमाणूस, त्यातून वयानं मोठ्या,” असं काहीतरी म्हणाले. “मला वाटलं, तुम्ही म्हणायला हवं. मीही थांबलो.”

काउंटरबाईंनी पाटी माझ्या हातात दिली. एप्रन नव्हता, म्हणून स्कर्टलाच हात पुसला आणि पुढे केला.

“मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे,” त्या म्हणाल्या.

उस्तादांनी तो हात दोन्ही हातांनी धरला. मी पाटी घेऊन बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

तुझी,
बारकी